कै., वै., कालकथित, मरहूम

कुंभार पिंपळगाव हे जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यातलं बाजाराचं गाव. आसपासच्या खेड्यांतली, वाड्या-तांड्यांवरची माणसं इथं बी-बियाणं, कापड, भांडी घ्यायला येतात आणि लग्न ठरलं की पत्रिका छापायलाही येतात. माझा छोटा छापखाना आहे. आधी खिळे जुळवून छापायचो, मग स्क्रीन प्रिंटिंग आलं, मग ऑफसेट, आता कॉम्प्युटर आणि फ्लेक्स. पत्रिका, बायोडाटा, पावतीपुस्तकं, जयंतीची आणि उरुसाची पोस्टर, श्रद्धांजलीचे बोर्ड, सगळं काम आमच्याकडं होतं. त्यामुळं प्रत्येक जातीचा आणि प्रत्येक धर्माचा माणूस हातात कागद घेऊन माझ्यासमोर बसतो आणि आपल्याला काय म्हणून ओळखावं हे स्वतः सांगतो.

वंश, धर्म, जात यांविषयी काय बोलावं आणि काय बोलू नये यावर शहरात, परदेशात मोठाल्या चर्चा चालतात. ‘पोलिटिकल करेक्टनेस’ म्हटलं की कुणी नाक मुरडतं, कुणी हिरिरीनं बाजू घेतं. माझ्याकडं हा प्रश्न रोज टेबलावर येतो आणि संध्याकाळपर्यंत त्याचा निकाल लावून प्रूफ द्यावं लागतं. त्यातून जे कळलं, ते लिहून ठेवतो आहे.

१. गेलेल्या माणसाला त्याच्या घरच्यांचाच शब्द लावावा

पत्रिकेत आजोबा-पणजोबांची नावं येतात. त्यातले बरेच हयात नसतात. कुणाकडं ‘कै.’ असतं, कुणाकडं ‘स्व.’. माळकरी घरात ‘वै.’, म्हणजे वैकुंठवासी. लिंगायत घरात ‘लिंगैक्य’. बौद्ध घरात ‘कालकथित’. मुस्लिम घरात ‘मरहूम’.

ऐन लग्नसराईत एकदा एक सेवानिवृत्त गुरुजी नातवाच्या लग्नाचा मजकूर घेऊन आले. सुवाच्य अक्षर, एक खाडाखोड नाही. वर भगवान बुद्ध आणि बाबासाहेबांचं चित्र, खाली ‘मंगल परिणय’, आणि वडिलांच्या नावामागं ‘कालकथित’. शेजारी दुसरं एक गिऱ्हाईक बसलं होतं, गळ्यात तुळशीची माळ. ते कागदात डोकावले आणि अगदी मायेनं म्हणाले, “गुरुजी, ते कालकथित काढा अन् कै. लिहा. लोकांना पटकन कळतं.”

गुरुजी शांतपणे म्हणाले, “कैलासाची वाट आम्ही १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात सोडली. आता बापाला परत तिकडं कसं धाडू?”

माळकरी आण्णांना हे काही पटल्यासारखं दिसलं नाही. मी त्यांचाच कागद त्यांच्यापुढं ठेवला. त्यावर त्यांच्या वडिलांच्या नावामागं ‘वै.’ होतं. म्हटलं, “आण्णा, हे काढून कै. करू का? लोकांना पटकन कळतं.” ते लगेच म्हणाले, “नाही नाही, आमचे बाबा वारीतले. ते वैकुंठालाच गेले.” आणि मग तेच थांबले. गुरुजींकडं बघून म्हणाले, “बरोबर आहे गुरुजी. ज्याचा त्याचा बाप.”

या विषयावर मी पुढं बरंच वाचलं, ऐकलं. पण त्या आण्णांच्या तीन शब्दांइतकं नेमकं मला कुठं सापडलं नाही.

२. विचारावं, पण आडनाव काढायला विचारू नये

“तुमच्याकडं कसं लिहितात?” हा प्रश्न मी दिवसातून किती वेळा विचारतो याला गणती नाही. आजवर एकही माणूस त्यावर रागावला नाही. उलट खुर्ची पुढं ओढून बसतो आणि सांगायला लागतो. बंजारा तांड्यावरचा नाईक ‘जय सेवालाल’ कुठं घालायचं ते सांगतो. महानुभाव पंथाचे बाबा ‘दंडवत प्रणाम’ म्हणतात आणि तेच छापायला लावतात. मुस्लिम घरची मंडळी एक पत्रिका उर्दूत करतात आणि हिंदू मित्रांसाठी वेगळी मराठीत; तिच्यात शाकाहारी जेवणाची वेगळी व्यवस्था असल्याची ओळ आठवणीनं घालायला सांगतात.

आपल्याकडं दुसरा एक प्रश्न चालतो. “आडनाव काय म्हणालात?” आडनावावरून जात कळली नाही, तर “मूळ गाव कोणतं?” तरीही नाही कळली तर “तिकडं तुमच्यात सोयरीक कुणाकडं?” या चौकशीत समोरच्याला काय आवडेल याचं कुणाला पडलेलं नसतं. त्याला कुठं बसवायचं आणि चहा कोणत्या कपात द्यायचा, याचा तो हिशोब असतो. ज्याला हे आयुष्यभर ऐकावं लागलं, त्याला दोन्ही प्रश्नांतला फरक पहिल्या अक्षरालाच कळतो.

३. पाटी बदलणं लहान काम नाही, आणि तेवढंच पुरेसंही नाही

डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनानं निर्णय घेतला की वस्त्यांची जातीवाचक नावं काढून टाकायची. महारवाडा, मांगवाडा, ढोर वस्ती, ब्राह्मणवाडा ही नावं जाऊन समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावं यावीत. तेव्हा दुकानात बसणारे काही जण म्हणाले, नाव बदलून काय होतं? आपल्या गावाच्या नावातच ‘कुंभार’ आहे, तेही बदलणार का?

मी या प्रश्नाचा विचार केला आहे. गावाच्या नावातला कुंभार कुणाला खाली ढकलत नाही. गावातला ब्राह्मण, मराठा, मुसलमान, सगळे स्वतःला कुंभार पिंपळगावकरच म्हणवतात. वाड्याचं नाव मात्र फक्त त्या वाड्यातल्यांच्या कपाळी लागतं. पोरगं बारावीनंतर जालन्याला किंवा पुण्याला जातं, कॉलेजचा फॉर्म भरतं, भाड्याच्या खोलीसाठी आधार कार्डाची झेरॉक्स देतं. त्यातल्या पत्त्यावरून घरमालकाला सगळं समजतं. खोली ‘कालच दिली’ असं उत्तर मिळतं. माझ्याकडं झेरॉक्सला येणाऱ्या पोरांच्या तोंडून मी हे ऐकलेलं आहे. म्हणून पाटी बदलण्याला मी लहान काम मानत नाही.

मराठवाड्याला तर नावाची किंमत काय पडते हे वेगळं सांगायला नको. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला आणि गावागावांत दलितांची घरं पेटली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळेंना जीव गमवावा लागला. ठरावाची अंमलबजावणी व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला, तीही नामांतराऐवजी नामविस्तार करून. ‘नावात काय आहे’ असं मराठवाड्यात तरी कुणी म्हणू नये.

पण भीमनगरची पाटी लागली आणि नळाचं पाणी मात्र सगळ्यांच्या शेवटी तिथं येतं, पावसाळ्यात रस्ता तिथपर्यंत येऊन चिखलात बुडतो, मयताला जागा वेगळी लागते, असं अजूनही मराठवाड्यातल्या कितीतरी गावांत आहे. पाटी छापायचे मी पैसे घेतो. ती पाटी जिथं लागते तिथं नाली झाली का, हेही ग्रामसभेत उठून विचारतो. दोन्ही गोष्टी माझ्या कामाचा भाग आहेत असं मला वाटतं.

४. शब्द सरकारनं ठरवून शोभत नाही

गांधीजींनी ‘हरिजन’ हा शब्द चांगल्या मनानं रूढ केला. पण ज्यांच्यासाठी तो होता त्यांनाच तो नको होता. १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत हा शब्द कायद्यात आणायला निघाले, तेव्हा बाबासाहेब आणि त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या सदस्यांनी विरोध करून सभात्याग केला. पुढं १९७२ मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार या तरुणांनी दलित पँथर उभी केली. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथरचं नाव त्यांच्यासमोर होतं. तिकडच्यांनीही गोऱ्यांनी दिलेला ‘नीग्रो’ टाकून ‘ब्लॅक’ हा शब्द स्वतः उचलला होता. मग ऑगस्ट २०१८ मध्ये केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयानं वाहिन्यांना कळवलं की ‘दलित’ म्हणू नका, ‘अनुसूचित जाती’ म्हणा.

माझ्याकडं १४ एप्रिलचे बॅनर करायला जी पोरं येतात, त्यांच्यातच यावर एकमत नाही. कुणाला फक्त ‘बौद्ध’ हवं, कुणाला ‘आंबेडकरी’. एखादा ठामपणे ‘दलित’ म्हणतो, कारण त्या शब्दात लढा आहे. मातंग समाजातली पोरं ‘जय लहुजी’ घालतात आणि त्यांना बौद्धांच्या यादीत गृहीत धरलेलं आवडत नाही. बाहेरच्यानं एक शब्द घोकून सगळ्यांना लावणं म्हणजे ऐकायचं टाळणं आहे.

५. ‘वर्ण’ ही ओळ काढून टाकावी

स्थळासाठीच्या बायोडाट्याचा आमच्याकडं एक ठरलेला नमुना होता. नाव, जन्मतारीख, जन्मवेळ, रास, नाडी, उंची, वर्ण, शिक्षण, कुळी, देवक, मामेकुळ. गिऱ्हाईक येतं, रिकाम्या जागा भरतं, प्रिंट घेऊन जातं. ‘वर्ण’समोर गोरा, निमगोरा किंवा गव्हाळ. ‘सावळा’ लिहिलेला बायोडाटा क्वचित, आणि ‘काळा’ तर मी पाहिलेलाच नाही. मग जिल्ह्यातली सगळी सावळी माणसं लग्नाच्या वयात कुठं जातात कोण जाणे.

नर्सिंगला असलेली एक मुलगी वडिलांबरोबर आली होती. वडील सांगत होते, मी टाइप करत होतो. ‘वर्ण’ आला तसे ते म्हणाले, “गोरा लिहा.” मुलगी म्हणाली, “बाबा, फोटो लावलाय ना? मग लिहायचं कशाला?” “सगळेच लिहितात बाळा.” ती माझ्याकडं वळून म्हणाली, “काका, तिथं रक्तगट लिहा. तो उद्या कामाला तरी येईल.” वडील काही वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, “लिहा, ती म्हणते तसं.” त्या दिवसापासून माझ्या नमुन्यात ती ओळ नाही. कुणी मागितली तर घालून देतो, पण मागावी लागते. आणि मागणारे फार थोडे निघाले, याचं मला फार बरं वाटतं. फोटोतला चेहरा उजळ करून द्या, असं सांगणारे मात्र अजून येतात. त्यांना मी सरळ सांगतो, दाखवायला पोरगी जाणार आहे, फोटो नाही.

२०२० मध्ये अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइडचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला आणि जगभर लोक रस्त्यावर आले. त्याच वर्षी एका मोठ्या विवाहजुळणी संकेतस्थळानं त्वचेच्या रंगावरून स्थळ निवडायची सोय काढून टाकली आणि ‘फेअर अँड लव्हली’ची ‘ग्लो अँड लव्हली’ झाली. वर्णद्वेष हा तिकडचा प्रकार, आपल्याकडं तो नाही, असं म्हणणाऱ्यांनी कोणत्याही छापखान्यातले जुने बायोडाटे काढून बघावेत.

आणखी एक सांगतो. संभाजीनगरच्या कॉलेजांत आफ्रिकेतून, येमेनमधून मुलं शिकायला येतात. त्यांच्याकडं बघून आपली पोरं रस्त्यात काय काय बोलतात, हे तिथं शिकणारी आपलीच पोरं येऊन सांगतात. ज्या शहरात हे चालतं ते शहर १६१० मध्ये खडकी या नावानं वसवलं मलिक अंबरनं. इथिओपियातून गुलाम म्हणून विकला जात जात आलेला तो हबशी माणूस निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. त्याची जमीनमहसुलाची घडी दख्खनमध्ये नावाजली गेली. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूनं लढले. आपल्या शाळेत हे सगळं शिकवतात, फक्त मलिक अंबर दिसायला कसा होता हे कुणी पोरांपुढं उभं करत नाही.

६. पत्त्यावरून भांडू नये

त्याच शहराचं नाव खडकी होतं, मग फतेहनगर, मग औरंगाबाद, आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. स्वागत समारंभ त्या शहरात असेल तर पत्रिकेत कोणतं नाव घालायचं, यावर माझ्या दुकानात आवाज चढलेले आहेत. माझी पद्धत साधी आहे. सरकारी कामाच्या कागदावर सरकारी नाव. घरच्या पत्रिकेवर घरचे सांगतील ते. ऐंशी वर्षांच्या चाचांच्या तोंडात जन्मापासून ‘औरंगाबाद’ बसलं आहे, ते संभाजीराजांचा अनादर करायचा म्हणून तसं म्हणत नाहीत. आणि ‘संभाजीनगर’ म्हणणाऱ्या पोरालाही दर वेळी कुणाला डिवचायचं असतंच असं नाही. पाहुणा हॉलवर पोचला म्हणजे झालं.

७. सण एकाच दिवशी आले की माणसं कळतात

२०२३ साल मला या बाबतीत कायम आठवतं. २९ जूनला आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली. महाराष्ट्रातल्या अनेक गावांत मुस्लिम मंडळींनी बसून ठरवलं की त्या दिवशी कुर्बानी नको. मग २८ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकत्र आले. पुन्हा ठिकठिकाणी जुलूस दुसऱ्या दिवशी घ्यायचं ठरलं, आणि शासनानं ईदची सुट्टी २९ तारखेला नेली.

त्या आठवड्यात दोन्ही बाजूंचे फ्लेक्स माझ्याच मशीनवर निघत होते. चौकातला लोखंडी सांगाडा एकच. गणेश मंडळाचा बॅनर उतरला की तिथं दुसरा चढणार. मंडळाचा अध्यक्ष आणि जुलूस कमिटीतला भाई दुकानात समोरासमोर आले आणि सांगाडा कधी रिकामा होणार, यावर दोघांनी उभ्या-उभ्या ठरवलं. शांतता समितीच्या बैठकीत भाषणं होतात, खरा निर्णय असा उभ्या-उभ्याच होतो. पण एक गोष्ट मला त्या दिवसांत बोचत राहिली. दोन्ही वेळा पाऊल मागं घेतलं ते मुस्लिमांनी. त्यांचं कौतुक सगळ्यांनी केलं, आणि ते योग्यच होतं. पुढच्या वेळी तारखा जुळतील तेव्हा आपली मिरवणूक तासभर मागं घ्यायला आपण तयार असू का, हे मी मंडळाच्या पोरांना विचारून ठेवलं आहे.

८. परकी वाटणारी लिपी आपल्याच घराचा कागद असू शकते

सप्टेंबर २०२३. आमच्याच जिल्ह्यात अंतरवाली सराटीत लाठीमार झाला आणि मराठा आरक्षणाचं आंदोलन राज्यभर पसरलं. न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, आरक्षणाला आधार म्हणून निजामकालीन कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, दफ्तर उर्दूत. त्यामुळं लोक जुन्या नोंदींच्या झेरॉक्स घेऊन हिंडू लागले. काही कागद मोडीत, काही उर्दूत.

असाच एक शेतकरी माझ्याकडं आला. म्हणाला, “भाऊ, हे मराठीत टाइप करून द्या.” कागद पुरा उर्दू. मी बाजारातल्या एका म्हाताऱ्या चाचांना बोलावलं. चाचांनी कागद डोळ्यांजवळ धरला आणि बोट फिरवत वाचायला लागले. गाव, मग नाव, मग बापाचं नाव. शेतकरी खुर्चीच्या कडेवर आला. “अब ये देखो,” चाचा म्हणाले, “यहाँ लिखेला है, कुनबी.” त्यानं तो शब्द तीनदा वाचायला लावला. वाचणावळ म्हणून चाचांनी वीस रुपये घेतले, नेहमी घेतात तेवढेच, आणि निघून गेले.

त्याच सुमारास विदर्भात, अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या पाटीवर मराठीबरोबर उर्दू नको म्हणून वाद चालू होता. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती पाटी राहू दिली आणि भाषेला धर्म नसतो असं बजावलं. तो निकाल मी पेपरमध्ये वाचला तेव्हा मला त्या शेतकऱ्याचा चेहरा दिसला. ज्या लिपीला आपण परकी म्हणतो, त्या लिपीत आपल्या पणजोबाचं नाव लिहिलेलं आहे.

९. “तुम्ही त्यांच्यातले वाटतच नाही” ही शाबासकी देऊ नये

माझ्या मशीनवर काम करणारा भाई मुसलमान आहे. हाताचा कसबी, एक शीट वाया घालवत नाही. गिऱ्हाईकं खूश होऊन त्याला म्हणतात, “तुम्ही बाकी त्यांच्यासारखे नाहीत हो.” तो हसतो. एकदा मी विचारलं, तर म्हणाला, “भाऊ, मेरे अब्बा, मेरे भाई, सब ‘बाकी’ में गये ना?” हेच वाक्य बौद्ध पोराला इंग्रजी चांगलं आलं की ऐकावं लागतं, सावळ्या मुलीला ‘नाकीडोळी नीटस आहे हं’ म्हणून ऐकावं लागतं. शिवी निदान ओळखू येते आणि तिला उत्तर देता येतं. या शाबासकीला उत्तर देणाराच उद्धट ठरतो.

१०. माणसाचा अपमान वेगळा आणि रूढीला धक्का वेगळा

“आता काही बोलायचीच सोय राहिली नाही,” अशी तक्रार माझ्या दुकानात पुष्कळदा होते. मी दर वेळी विचारतो, नेमकं काय बोलता येत नाही? सरकारला नावं ठेवता येतात, कापसाच्या भावावरून आमदाराला धारेवर धरता येतं. थांबलेत ते दारात उभ्या माणसाला जातीवरून हाक मारण्याचे मोजके शब्द. त्यांना कायद्यानं कडक अटकाव केला तो १९८९ च्या ॲट्रॉसिटी कायद्यानं, आणि त्याआधी तो माणूस पिढ्यान्‌पिढ्या ऐकून घेत होता. त्याच्या बोलायच्या सोयीची तक्रार तेव्हा कुणी केली नव्हती.

पण याची दुसरी बाजूही मी लपवणार नाही. ‘भावना दुखावल्या’ हे हत्यार आता कुणीही उचलतं. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यक्रमाचं पोस्टर मी छापलं तर लोक येऊन म्हणतात, आमच्या श्रद्धेवर घाला घातला. नरेंद्र दाभोलकरांनी वर्षानुवर्षं जादूटोणाविरोधी कायद्याचा आग्रह धरला, २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला, आणि मगच तो कायदा झाला. भोंदू बाबाच्या धंद्याविरुद्ध बोलणं, जातपंचायतीच्या बहिष्काराविरुद्ध बोलणं, तलाकच्या किंवा हुंड्याच्या चालीविरुद्ध बोलणं यानं कुणाचा माणूस म्हणून अपमान होत नाही. बोलायलाच हवं. जोतीरावांनी बोलायचं थांबवलं असतं तर मी आज खिळेसुद्धा वाचू शकलो नसतो.

११. छापायला नाही म्हणता आलं पाहिजे

२०२३ आणि २०२४ ही दोन वर्षं आमच्या भागात फार कडवट गेली. एकीकडं अंतरवाली सराटी, दुसरीकडं त्याच आरक्षणाच्या प्रश्नावरून वडीगोद्रीत ओबीसींचं उपोषण. दोन्ही ठिकाणं हाकेच्या अंतरावर, दोन्हीकडं बसलेली माणसं एकमेकांच्या बांधाला बांध लावून शेती करणारी. मी दोन्हीकडचे बॅनर केले. मागणी मांडणारा मजकूर कुणाचाही असो, मी तो छापतो. तो त्यांचा हक्क आहे.

पण त्या दिवसांत काही मजकूर वेगळे यायला लागले. अमक्या जातीच्या दुकानातून माल घेऊ नका. तमक्या आडनावाच्या माणसाला गावात येऊ देऊ नका. मग निवडणुकीच्या तोंडावर मुसलमानांविरुद्धचे. ते घेऊन येणारी पोरं माझ्या ओळखीची, कुणाच्या बापाची पत्रिका मी छापलेली, कुणाच्या बारशाचं आमंत्रण. मी त्यांना बसवून चहा देतो आणि सांगतो की हे मी छापणार नाही. कायद्याचंही सांगतो. निवडणुकीच्या पत्रकावर छापणाऱ्याचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता टाकायची सक्ती आहे, लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२७ क कलमाखाली; न टाकल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. जाती-धर्मांत तेढ लावणाऱ्या मजकुराला भारतीय न्याय संहितेचं १९६ वं कलम आहे. “तुझं पूर्ण नाव खाली टाकू का?” असं विचारलं की निम्मे जण कागद घडी करून खिशात घालतात.

उरलेले निम्मे शेजारच्या गावी जातात. तिथला छापखानेवाला ‘मी नाही छापलं तर दुसरा छापेल’ म्हणून काम घेतो. त्याचंही पोट आहे, मशीनचा हप्ता आहे, मला ते समजतं. म्हणून मी तीर्थपुरी, रांजणी, घनसावंगी, अंबड, आष्टी, परतूर इथल्या छापखानेवाल्यांना एक-एक करून भेटतो आहे. म्हणतो, असा मजकूर आला तर आपण सगळ्यांनीच नाही म्हणू. तिघांनी होकार दिला आहे, एकानं विचार करतो म्हणून सांगितलं, बाकीच्यांकडं जायचं आहे. सगळ्यांनी दारं लावली तर त्या पोराला मोटारसायकलवर जालन्यापर्यंत जावं लागेल, आणि तेवढ्या रस्त्यात निम्मा राग उतरतो.